मणियार या नावातला मणी

गेल्या बकरी ईदला भाचा काळेवाडीत आमच्या घरी जेवायला आला. चाकणच्या एका कंपनीत तो मशीन दुरुस्तीचं काम करतो. कंपनीने त्याला तीन महिन्यांसाठी पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात पाठवलं होतं. येताना त्याने आईसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीसाठी, एक माळ आणली होती. बोराएवढे मणी. काही हिरवे, काही तपकिरी, मधेच एखादा निळा, काहींवर पिवळ्या-पांढऱ्या रेघा. आपाने माळ हातात घेऊन वजन पाहिलं आणि विचारलं, “कशाचे रे मणी?”

“बाटलीच्या काचेचे. फुटक्या बाटल्या कुटून बनवतात तिकडे.”

आपा हसली. “म्हणजे भंगार उचलून आणलंस होय? ते तर आपल्या गल्लीच्या तोंडालाच मिळतं.”

आम्ही सगळेच हसलो. गल्लीच्या तोंडाला खरंच भंगाराचं दुकान आहे. पोत्यांत बिअरच्या हिरव्या-तपकिरी बाटल्या, औषधाच्या बाटल्या, फुटक्या खिडकीच्या काचा भरलेल्या असतात. आठवड्यातून एकदा टेम्पो येतो आणि पोती घेऊन जातो. तिथे आम्ही कधी थांबून पाहिलेलं नाही.

पण रात्री ती माळ माझ्या डोक्यातून जाईना. कारण आमचं आडनाव मणियार आहे. जातीच्या दाखल्यावरही तेच लिहिलेलं आहे. मणियार घरातल्या बाईने काचेच्या मण्याला भंगार म्हणावं आणि घरात कुणाला त्याचं काही वाटू नये, हे मला खटकलं. मी स्वतःही हसलो होतो, हे जास्त खटकलं. म्हणून हा लेख.

बाटलीचा मणी कसा होतो

घानाच्या पूर्व भागात क्रोबो लोक राहतात. ओदुमासे-क्रोबो हे त्यांचं प्रमुख गाव आणि अगोमान्या हा जवळचा बाजार. कोफोरिदुआ शहरात तर दर गुरुवारी मण्यांचाच बाजार भरतो. क्रोबो मुली वयात आल्या की त्यांचा ‘दिपो’ नावाचा विधी होतो. त्यात मुलीच्या गळ्यात, कमरेला, हातांत मण्यांच्या जड माळा घालतात. त्यांतले जुने मणी आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे आलेले असतात. आपल्याकडे पाटल्या-बांगड्या जशा घरात राहतात, तसे.

आता हा मणी बनतो कसा, ते पाहू. बाटल्या आधी धुतात, रंगाप्रमाणे वेगळ्या करतात आणि लोखंडी खलात कुटतात. ती भुकटी चाळून घेतात. मातीचा एक जाड साचा असतो आणि त्यात ओळीने खळगे असतात. काच साच्याला चिकटू नये म्हणून खळग्यांना आतून पांढऱ्या शाडूसारख्या मातीचा हात देतात. ज्या झाडाच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्याला तिकडे कसावा म्हणतात. या कसाव्याच्या पानाचा देठ प्रत्येक खळग्याच्या मधोमध उभा करतात आणि भोवती काचेची भुकटी भरतात. रेघा हव्या असतील तर वेगवेगळ्या रंगांच्या भुकटीचे थर देतात. मग साचा भट्टीत जातो. भट्टी वारुळाच्या मातीची असते, कारण ती माती उष्णतेने लवकर तडकत नाही. आत भुकटी एकजीव होते, देठ जळून जातो आणि त्याच्या जागी भोक राहतं. मणी थंड झाल्यावर दगडावर वाळू आणि पाणी घेऊन घासतात, तेव्हा त्याला झळाळी येते.

दुसऱ्या प्रकारचा मणी भुकटीऐवजी काचेच्या तुकड्यांचा असतो. तो पारदर्शक दिसतो. त्यात देठ ठेवत नाहीत. साचा भट्टीतून बाहेर काढल्याबरोबर, काच मऊ असतानाच, टोकदार लोखंडी सळईने भोक पाडतात आणि मणी साच्यातल्या साच्यात फिरवून गोल करतात. यासाठी हात किती सवयीचा लागतो, हे ज्याने गरम काचेजवळ काम केलं आहे त्यालाच कळेल.

फुटकी काच का वापरतात, याचं उत्तर गरिबी एवढंच नाही. नुसती वाळू वितळवायची तर सुमारे १७०० अंश सेल्सियस तापमान लागतं. वाळूत सोडा किंवा राख मिसळली की ते बरंच खाली येतं. पण एकदा तयार झालेल्या काचेची भुकटी ७०० ते ९०० अंशांच्या आसपासच जुळून येते. म्हणजे जुन्या काचेत पहिल्या भट्टीची मेहनत आधीच साठवलेली असते. गावातल्या लाकडाच्या भट्टीला तेवढं पुरतं. आजचे मोठमोठे काच कारखानेसुद्धा नव्या मालात फुटकी काच मिसळतात, कारण इंधन वाचतं. क्रोबो कारागिराचा आणि कारखान्याच्या इंजिनिअरचा हिशोब इथे एकच आहे.

बिदाचे मुसलमान काचकारागीर

घानाहून पूर्वेला नायजेरिया आहे. तिथल्या नायजर राज्यात बिदा नावाचं शहर आहे. हा नुपे लोकांचा मुलूख आणि नुपे बहुतेक मुसलमान. बिदात काचेचं काम करणाऱ्यांची एक बिरादरी आहे, तिला ‘मासागा’ म्हणतात. एस. एफ. नाडेल या मानववंशशास्त्रज्ञाने १९४२ साली नुपे राज्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मासागांच्या भट्टीचं बारकाईने केलेलं वर्णन आहे. झोपडीच्या मधोमध मातीची भट्टी, एक जण सतत भाता चालवणारा, बाकीचे भट्टीभोवती बसलेले. बाटलीची काच मऊ करून लोखंडी सळईवर गुंडाळायची आणि तिचा मणी किंवा बांगडी करायची. होय, बांगडीसुद्धा. आपले पूर्वज इजिप्तकडून आले, असं मासागा सांगतात. पूर्वी ते स्वतःची काळपट काच बनवत. पुढे बाटल्या मिळू लागल्यावर त्यांनी बाटल्या वापरल्या. हुनर तोच राहिला, कच्चा माल बदलला.

हे वाचताना मी थांबलो. मुसलमान बिरादरी, काच, मणी, बांगड्या. नावं बदलली तर हे आमच्या घरचं वर्णन होऊ शकलं असतं.

वाळवंटाच्या कडेला मॉरिटानिया देशात किफा नावाचं गाव आहे. तिथे मणी बायका करतात. काच इतकी बारीक वाटतात की पिठासारखी होते. त्यात डिंकासारखं काहीतरी चिकट मिसळून सुईच्या टोकाने मण्यावर नक्षी काढतात आणि छोट्याशा डब्यात निखाऱ्यांवर भाजतात. भट्टीसुद्धा नाही, चुलीएवढीच जागा. रेमों मोनी या फ्रेंच संशोधकाने १९४९ मध्ये या मण्यांबद्दल लिहिलं, तेव्हापासून ते ‘किफा मणी’ म्हणून ओळखले जातात. जुन्या कारागीर बायका गेल्यावर ही कला जवळजवळ संपली होती. पुढे काही बायकांनी ती पुन्हा हातात घेतली.

या भागात काच गोऱ्या व्यापाऱ्यांनीच नेली, हा समजही खरा नाही. नायजेरियातल्या इग्बो-उक्वू इथे थर्स्टन शॉ यांनी १९५९-६० मध्ये उत्खनन केलं. नवव्या-दहाव्या शतकातल्या त्या जागेत काचेचे आणि अकीकाचे मिळून १ लाख ६५ हजारांहून जास्त मणी निघाले. इले-इफे या शहरात तर अकराव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान स्थानिक कच्च्या मालापासून काचच बनत होती, असं तिथल्या उत्खननातून पुढे आलं आहे. आणि आपला इब्न बतूता? दौलताबाद पाहून गेलेला हा प्रवासी १३५२ मध्ये सहारा ओलांडून माली राज्यात गेला. त्याने नोंदवून ठेवलंय की त्या मुलुखात प्रवास करणारा माणूस सोनं-चांदी बाळगत नाही. मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि थोडे सुगंधी पदार्थ जवळ ठेवतो आणि त्यांच्या बदल्यात गावागावात धान्य घेतो.

तेरच्या पांढरीतले मणी

आता आपल्याकडे येऊ. आमचं मूळ गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरपासून दोन कोसांवर. अब्बा नोकरीसाठी पिंपरीला आले आणि आम्ही काळेवाडीकर झालो. पण लहानपणी सुट्टीत गावी गेलो की तेरचा उरूस आणि तेरची पांढर ठरलेली असायची. जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडांना आमच्याकडे पांढर म्हणतात. पहिला जोराचा पाऊस झाला की तिथल्या मातीतून मणी उघडे पडायचे. लाल, काळे, पिवळे, ज्वारीच्या दाण्याएवढे. आम्ही ते गोळा करायचो आणि हरवायचो.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. तिथला माल गाड्यांवरून किनाऱ्याकडे जाई. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावकऱ्यांना सापडलेल्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या. त्यातूनच तिथलं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं आणि आज त्याला त्यांचंच नाव आहे. तिथल्या काचेच्या कपाटांत मण्यांची रांगच रांग आहे. साधारण त्याच काळात रोमन लेखक प्लिनीने ऐकीव माहिती म्हणून लिहून ठेवलं की हिंदुस्थानात फुटक्या स्फटिकापासून काच करतात आणि म्हणून तिची बरोबरी दुसरी काच करू शकत नाही. फुटक्यापासून चांगलं होतं, ही आपली ख्याती दोन हजार वर्षांपूर्वी रोमपर्यंत गेली होती.

कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. सातवाहन काळातल्या वस्तूंसाठी ती जागा प्रसिद्ध झाली. पण वरच्या, बहमनी काळाच्या थरांत काचेच्या रंगीत बांगड्यांचे तुकडे भरपूर निघाले. दीक्षितांनी पुढे आयुष्यभर मणी आणि काच यांचाच अभ्यास केला. त्यांचा ‘हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास’ हा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला. बहमनी सुलतानांच्या लढाया शाळेत सगळ्यांना पाठ असतात. त्या काळात दख्खनच्या बायकांच्या हातांत कुठल्या रंगाची काच होती, हे सांगणारा धडा मात्र पुस्तकात नसतो.

चौलहून आफ्रिकेला

रायगड जिल्ह्यातलं चौल आज नारळी-पोफळीचं शांत गाव आहे. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. अल-मसऊदी हिजरी ३०४, म्हणजे इ.स. ९१६-१७ मध्ये तिथे येऊन गेला. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्याने लिहिलं आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेलेही. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक ‘हुनरमन’ राजाने नेमलेला असे. राजा हिंदू, बंदर सगळ्यांचं.

डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी चौलला उत्खनन केलं. तिथे मिळालेल्या काचेच्या मण्यांचं रासायनिक पृथक्करण लॉर ड्युसुबिए, गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. काचेलाही वंशावळ असते. कुठली वाळू, कुठला सोडा, कोणत्या धातूचा अंश, यावरून ती ओळखता येते. चौलच्या बऱ्याच मण्यांत अ‍ॅल्युमिना जास्त आणि युरेनियमचा लक्षणीय अंश आढळला. तशीच काच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडलेल्या मण्यांतही आढळली. म्हणजे अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर एकाच घराण्याची काच लोकांच्या गळ्यात होती.

त्याहून मोठी गोष्ट आणखी दक्षिणेला आहे. दक्षिण आफ्रिकेत लिंपोपो नदीजवळ मापुंगुब्वे हे जुन्या राज्याचं ठिकाण आहे. त्याच्या शेजारच्या ‘के-२’ नावाच्या वस्तीत अकराव्या-बाराव्या शतकातले मोठे, जाड, रस्त्यावरच्या रोलरच्या आकाराचे मणी सापडले. ते करण्याचे मातीचे साचेही सापडले. हे मणी बाहेरून आलेले बारीक मणी वितळवून केलेले होते. ते बारीक मणी आले होते दक्षिण आशियातून. इकडून गेलेला मणी तिकडच्या माणसाने साच्यात टाकला, तापवला आणि आपल्या पसंतीचा मणी केला. घानातल्या कारागिराच्या हातात आज जे काम दिसतं, त्याच रीतीचं काम नऊशे वर्षांपूर्वी त्याच खंडात आपल्याकडच्या काचेवर झालं होतं.

आणि ही वाट एकेरी नव्हती. गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बाबा घोर यांची दर्गाह आहे. ते हबशी व्यापारी होते आणि अकीकाच्या धंद्याला त्यांनी बरकत दिली, अशी आख्यायिका आहे. सिद्दी लोक त्यांना पीर मानतात. रतनपूरच्या खाणींतला अकीक खंभातला जाऊन मणी होतो. आपल्यातले कितीतरी लोक बोटात अकीकाची अंगठी घालतात. तो दगड हातात येण्याच्या कथेत एक आफ्रिकी माणूस उभा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मणिकार, मणिआर, मणियार

आता नावाकडे. संस्कृत शब्द ‘मणिकार’, म्हणजे मणी घडवणारा. प्राकृतात त्याचा ‘मणिआर’ झाला. उत्तरेत ‘मनिहार’, आपल्याकडे ‘मणियार’. कोल्हापूर-कोकणाकडे ‘मणेर’. हे नाव अरबस्तानातून आलेलं नाही, इराणातूनही नाही. ते इथल्याच मातीत, इथल्याच भाषेत घासून घासून गुळगुळीत झालेलं आहे. लोकांनी कलमा पढला, नमाज शिकली, मुलांची नावं बदलली. धंद्याचं नाव बदललं नाही, कारण धंदा बदलला नव्हता. आम्हाला “तुम्ही मूळचे कुठले?” असं कुणी विचारलं तर उत्तर आमच्या आडनावातच आहे. ते नाव संस्कृत-प्राकृतातून चालत आमच्यापर्यंत आलं आहे. पुरावा म्हणून आणखी काय दाखवायचं?

माझी दादी बांगड्या भरायला जायची. डोक्यावर टोपली, हातावर बांगड्यांच्या माळा. मराठ्यांचा वाडा, लिंगायतांचं घर, मातंगवाडा, मुसलमानवाडा, सगळीकडे. परक्या घरच्या बाईचा हात हातात घेण्याचा हक्क गावात फार थोड्यांना असतो. तो मणियारणीला होता. हात दाबून पाहायचा, माप ओळखायचं, बाईला बोलण्यात गुंतवायचं आणि बांगडी कधी चढली ते तिला कळूही द्यायचं नाही. नागपंचमीला, संक्रांतीला, ईदला, लग्नसराईत. पैसे नसले तर ज्वारी घ्यायची. टोपलीच्या तळाला काळी पोत असायची. हिंदू नवरीच्या मंगळसूत्रात तेच काळे काचेचे मणी आणि आमच्या निकाहात नवरीला घालायच्या काळ्या पोतीच्या लच्छ्यातही तेच. टोपली एक, पोत एक, फक्त ओवण्याची रीत वेगळी.

म्हणजे दादीच्या टोपलीत मणी अजून होता. पण तो तिने किंवा तिच्या सासऱ्याने घडवलेला नव्हता. तो दुकानातून आणलेला होता. घडवणारा कधीचाच विकणारा झाला होता.

मणी हातातून कसा गेला

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला परदेशी काच हिंदुस्थानच्या बाजारात भरभरून आली. आजच्या चेक प्रजासत्ताकात याब्लोनेत्स नावाचं शहर आहे. तिथले कारखाने हिंदुस्थानसाठी बांगड्या करत आणि आफ्रिकेसाठी मणी. दोन खंडांच्या बायकांच्या आवडीनिवडी तिथे नमुन्यांच्या पेट्यांमध्ये मांडलेल्या असत. गावच्या भट्टीतली जाड, बुडबुडे असलेली काच त्या गुळगुळीत मालापुढे टिकणं कठीण होतं.

स्वदेशीच्या चळवळीने याला उत्तर शोधलं आणि ते उत्तर आमच्या काळेवाडीपासून फार लांब नाही. पिंपरीहून लोणावळ्याच्या लोकलला बसलं की वाटेत तळेगाव दाभाडे लागतं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत काचेचं शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याच्या उभारणीत होते. तिथे शिकलेले लोक पुढे देशभरातल्या काच कारखान्यांत गेले. कराडजवळ ओगलेवाडीत ओगले बंधूंचा कारखाना १९१६ मध्ये निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत लागला. महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात ही मानाची पानं आहेत आणि ती असायलाच हवीत.

पण त्या पानांवर कंदील आहे, बरणी आहे, चिमणी आहे. मणी आणि बांगडी करणारा गावचा कारागीर त्या गोष्टीत नाही. बांगड्यांचं काम फिरोजाबादला एकवटलं, काचेचे मणी हाथरसजवळच्या पुरदिलनगरसारख्या गावांत होत राहिले. महाराष्ट्रातला मणियार तिथून माल मागवू लागला. पुढे त्याने ‘लेडीज शॉपी’ काढली, नाहीतर माझ्या अब्बांसारखी कंपनीची नोकरी धरली. कुणी जुलूम केला आणि हुनर हिसकावून घेतला, अशी ही गोष्ट नाही. हुनर हळूहळू हातातून सुटला. आणि तो सुटला हे आमच्या लक्षातही आलं नाही, ही त्यातली खरी खंत.

मग घानात आणि बिदात तो का टिकला? तिकडेही व्हेनिस आणि बोहेमियाच्या मण्यांचा पूर आलाच होता. पण तिकडच्या बाईला दिपोच्या दिवशी आपल्याच भट्टीचा मणी हवा होता. परदेशी मणीसुद्धा तिने घेतला, पण तो फुटला तर कुटून साच्यात टाकला आणि परत आपला केला. गिऱ्हाईक टिकलं म्हणून कारागीर टिकला. आम्ही आमच्या लग्नांत काळी पोत ठेवली, पण ती कुणी घडवली हे विचारणं सोडून दिलं.

भंगार हा शब्द

आपाचा शब्द होता ‘भंगार’. पिंपरी-चिंचवडमध्ये हा शब्द नुसत्या वस्तूला लावत नाहीत, माणसांनाही लावतात. या शहरात कारखाने आहेत, म्हणून लोखंडाची चुरी, प्लॅस्टिक, पुठ्ठा, काच गोळा करणारेही आहेत. त्यांत मुसलमान बरेच, उत्तर प्रदेशातून आलेलेही बरेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांवर आणि छोट्या वर्कशॉपवर महापालिकेचे बुलडोझर चालले. कोणतं बांधकाम कायदेशीर आणि कोणतं नाही, हा वाद मी इथे घालत नाही. पण त्या दिवसांत मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजांत भंगार आणि भंगारवाला यांत फरकच उरला नव्हता. जणू कचरा करणारे वेगळे नव्हतेच आणि तो उचलणाराच घाण होता.

त्याच वेळी आपल्याच शहरातल्या शाळांमध्ये ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विषयावर मुलांच्या स्पर्धा होतात आणि बाटल्यांवर रंग लावून बक्षिसं मिळतात. जे काम मुलाने केलं तर कला असते, ते पोटासाठी करणारा माणूस भंगारवाला कसा होतो, हे मला समजत नाही. क्रोबो कारागीर आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसलेला दुकानदार एकाच बाटलीच्या दोन टोकांना उभे आहेत. एक बाटली गोळा करतो, दुसरा तिचा मणी करतो. आमच्याकडे मधली कडी तुटली आहे. ती कडी म्हणजे मणियार.

मी काही उद्यापासून घराच्या गच्चीवर भट्टी लावणार नाही. महापालिका सोडा, आपाच लावू देणार नाही. पण आपल्या मुलांना एवढं तरी सांगता येईल की आपलं आडनाव दाखल्यासाठी नाही. ते एका कामाचं नाव आहे आणि ते काम वाळूइतकंच जुनं आहे. तेरला गेलात तर वस्तुसंग्रहालयातल्या मण्यांपुढे पाच मिनिटं उभे राहा. चौलला गेलात तर समुद्राकडे बघताना पलीकडचा काठही आठवा. आणि भंगारवाल्याला बाटली देताना नमस्कार-सलाम करा, एवढं फुकट आहे.

आठ दिवसांनी मी आपाकडे गेलो आणि हे सगळं तिला सांगितलं. मासागांच्या भट्टीचं ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, “दादी फुटक्या बांगड्यांचे तुकडे फेकू देत नव्हती, आठवतं? डालड्याच्या डब्यात ठेवायची. मी टाकायला गेले की ओरडायची, फेंको नको, उसका बी कुछ बनता.”

मला आठवत होतं. त्या डब्याचं पुढे काय झालं, ते दोघांनाही आठवेना. आणखी एक गोष्ट आठवली. बांगडी फुटली असं दादी कधीच म्हणत नसे. घरात म्हणायची, “चुडी ठंडी हुई.” गावात, गिऱ्हाईकाच्या दारात, मराठीत म्हणायची, “वाढवली.” मराठीत फुटलेल्या बांगडीला वाढवली म्हणतात, हे लहानपणी मला विचित्र वाटायचं. अपशकुन टाळण्यासाठी तसं म्हणतात, असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण ज्या घरात फुटकी काच परत भट्टीत जात होती, त्या घराला तो शब्द वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

आपाने माळ गळ्यात घातली होती.